साधा फोन मागणारी माणसं

बटणाचा फोन मागायला आलेल्या माणसाला मी लगेच फोन दाखवत नाही. आधी विचारतो: बँकेला कुठला नंबर दिलाय? आधारला कुठला जोडलाय? सिम कुठल्या कंपनीचं? गॅसच्या टाकीचा नंबर कोण लावतं, पोरांच्या शाळेचा ग्रुप कुणाच्या मोबाईलवर आहे? हजार-बाराशेच्या वस्तूसाठी एवढी चौकशी कशाला, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण ही उत्तरं न घेता दिलेला साधा फोन चार दिवसांत काउंटरवर परत येतो, हे आमच्या धंद्यातल्या कुणालाही विचारा. फोन चांगला असतो, माणूसही मनापासून आलेला असतो. अडतं ते या दोघांच्या भोवतीच्या व्यवस्थेत, आणि मला लिहायचंय ते तिच्याबद्दल.

माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान विट्यात आहे. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याचं हे गाव. एकीकडे यंत्रमागांची खडखड, दुसरीकडे गलाईवाल्यांची घरं. जुनं सोनं-चांदी गाळून शुद्ध करणं म्हणजे गलाई, आणि त्या कामासाठी आमच्या भागातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या देशभर पांगलेली आहेत. कर्ती मुलं केरळात, तमिळनाडूत, उत्तर प्रदेशात. म्हातारे आईबाप गावाकडे. दिवाळीला, जत्रेला मुलगा येतो, दोन दिवस राहतो आणि परत जाण्याच्या आदल्या दिवशी माझ्याकडे येऊन म्हणतो, "आईला लावता येईल असा फोन द्या." शहरात साधा फोन हल्ली नव्यानं बोलण्यात आलाय. आमच्याकडे त्याची मागणी कधी थांबलीच नव्हती.

दुरुस्ती मी पुण्यात शिकलो, बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांमध्ये. तो नोकिया 1100 चा जमाना होता. 2003 मध्ये आलेला हा फोन जगभर 25 कोटींहून जास्त खपला. त्याचा कीपॅड म्हणजे एकसंध रबराचा तुकडा; बटणांच्या फटीतून धूळ आत जायची नाही. वरच्या टोकाला बॅटरी. बॅटरी म्हणजे इथे टॉर्च, जी आमच्या भागात लोडशेडिंगच्या वर्षांत बोलण्याइतकीच कामाला यायची. आत बीएल-5सी सेल, जो नखानं काढून दुसरा टाकता येतो. टी-6 चा ड्रायव्हर, ब्रश, थिनर आणि सोल्डरिंग एवढ्यावर फोन पुन्हा उभा राहायचा. माईक गेला, माईक बदला. रिंगर गेला, रिंगर बदला. कीपॅडखालच्या पट्टीवर पत्र्याच्या बारीक टिकल्या असतात. त्या दबेनाशा झाल्या की नवी पट्टी चिकटवायची. इंटरनेट त्यात नव्हतंच, जीपीआरएससुद्धा नव्हतं. ऑफलाइन राहायला त्याला कुणी शिकवावं लागलं नाही.

आजही स्वस्तातले पुष्कळ कीपॅड फोन बीएल-5सीच्या मापाचाच सेल घेतात. वीस वर्षांनी तोच सेल, तीच खाच. दुरुस्ती करणाऱ्याच्या नजरेनं पाहिलं तर वस्तूची ही फार मोठी लायकी आहे. स्मार्टफोनचा फोल्डर, म्हणजे काचेसकटचा पडदा, फुटला तर निम्म्या किमतीचा खर्च सांगताना मलाच अवघड होतं. साध्या फोनला निम्म्या किमतीचं काही नसतंच.

मग जिओ आलं. सप्टेंबर 2016 नंतर वर्षभरात माझ्या काउंटरचं रूप बदललं. टेम्पर्ड काच, कव्हर, फोल्डर, सॉफ्टवेअर मारणं, गुगलचं लॉक काढून देणं. 2017 मध्ये जिओफोन आला आणि पुढच्याच वर्षी त्यात व्हॉट्सॲप आणि यूट्यूब आलं. कीपॅड आणि ऑफलाइन या दोन गोष्टी तिथे वेगळ्या झाल्या. हा फरक गिऱ्हाइकाला समजावण्यात माझा बराच वेळ जातो. बटणं आहेत म्हणून फोन शांत असेल, असं आता धरून चालता येत नाही. 2023 मध्ये 999 रुपयांना आलेल्या जिओभारतमध्ये तर यूपीआयसुद्धा आहे. ज्याला पैसे पाठवायची सोय हवी त्याला तो उत्तम. पण नववीतल्या पोराला व्हिडिओपासून लांब ठेवायचं म्हणून आलेल्या आईला मी तो देत नाही.

दुसरी अडचण नेटवर्कची. फोनच्या डबीवर 2जी लिहिलेलं असतं, ते कुणी वाचत नाही. जिओचं नेटवर्क पहिल्यापासून 4जीचं. 2जी फोनमध्ये जिओचं सिम घातलं की काड्या येतच नाहीत. एअरटेल, व्होडाफोन-आयडिया, बीएसएनएल यांची 2जी सेवा अजून आहे, तिथे तो चालतो. जिओ ठेवायचं असेल तर 4जी कीपॅड घ्यावा लागतो, आणि त्यात बोलणंसुद्धा डेटाच्या वाटेनंच जातं. म्हणजे पूर्ण तुटलेला असा फोन आता राहिलाच नाही. राहिलाय तो दारं बंद करून दिलेला फोन: ब्राउझर नाही, ॲप नाही, कॉल आणि मेसेज तेवढे आत येतात. ज्या साध्या फोनमध्ये ब्राउझर असतो त्याची नेटची सेटिंग मी काढून देतो. पूर्वी मधलं बटण चुकून दाबलं की नेट सुरू व्हायचं आणि म्हाताऱ्या माणसाचा दहा-वीस रुपयांचा बॅलन्स उडायचा, तेव्हापासूनची ही माझी सवय.

या दारबंद फोनला बाहेरच्या देशांत किती मान आहे हे मला एका गलाईवाल्याच्या मुलामुळे कळलं. तो अमेरिकेत सॉफ्टवेअरमध्ये आहे. चुलत बहिणीच्या लग्नाला आला तेव्हा फोनची चार्जिंगची पिन साफ करून घ्यायला दुकानात आला. खिशातला कचरा बसला होता, दुसरं काही नाही. फोन हातात घेतला तर तळहातात मावेल एवढा, रंग नाहीत, पडदा कागदासारखा, उजेडात अक्षर आणखी स्पष्ट दिसणारा. लाइट फोन 2. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये जो हॉलियर आणि कायवेई टँग या दोघांनी ही कंपनी काढली. 2015 मध्ये लोकांकडून आगाऊ पैसे जमवून त्यांनी पहिला फोन करायला घेतला. तो क्रेडिट कार्डाएवढा होता आणि त्यावर फक्त कॉल व्हायचे. घरच्या स्मार्टफोनवर येणारे कॉल त्याच्याकडे वळवायचे आणि तेवढाच फोन खिशात घालून बाहेर पडायचं, अशी ती योजना. 2019 मध्ये आलेल्या दुसऱ्यात कॉल, मेसेज, अलार्म, कॅल्क्युलेटर अशा मोजक्या गोष्टी. किंमत 299 डॉलर. त्या मुलाचे वडील शेजारी उभे होते. त्यांनी किंमत ऐकली आणि माझ्याकडे पाहिलं. मुलगा म्हणाला, "आण्णा, यात काही नाही म्हणूनच घेतलाय."

मी त्या फोनवर बराच वेळ घालवला, कामापेक्षा जास्त. एखादी गोष्ट कमी ठेवायची तर किती विचार करावा लागतो हे त्यात दिसत होतं. कुठलंही पान खाली सरकत राहत नाही. प्रत्येक यादीला शेवट आहे. पडद्याचा वेग कमी असल्यामुळे बोट आपोआप थांबतं. स्वित्झर्लंडच्या पुंक्ट कंपनीनं 2015 मध्ये असाच फोन जॅस्पर मॉरिसन या नावाजलेल्या डिझायनरकडून करून घेतला होता. पोलंडच्या मुदिता कंपनीच्या कॉम्पाक्ट या फोनच्या बाजूला एक खटका आहे. तो सरकवला की नेटवर्क आणि माईक आतूनच तुटतात. सॉफ्टवेअरच्या भरवशावर ठेवलेलं नाही. हे वाचल्यावर दुरुस्ती करणारा म्हणून मला फार बरं वाटलं. खटका हाताला कळतो. मेनूतलं बटण बंद आहे की चालू, याची खात्री म्हाताऱ्या माणसाला कधीच वाटत नाही.

पण त्या मुलाशी बोलताना माझ्या कामाची गोष्ट मला कळली ती वेगळीच. लाइट फोनवर काय ठेवायचं, काय काढायचं, हे कंपनीच्या वेबसाइटवरून ठरवायचं असतं. त्यासाठी घरी संगणक लागतो. बँकेचं, ऑफिसचं, विमानाच्या तिकिटाचं तो त्याच संगणकावर करतो. म्हणजे त्याचा फोन शांत आहे, कारण घरातल्या टेबलावर दुसरं यंत्र जागं आहे. आमच्या गिऱ्हाइकांच्या घरी असं टेबल नसतं. त्यांच्या घरात एक फोन असतो आणि बँक, शाळा, सरकार, करमणूक, भांडणं, सगळं त्याच एका फोनमध्ये. तो बंद केला की सगळंच बंद. म्हणून साधा फोन विकताना दुसरं यंत्र कोण जागं ठेवणार, हे मला आधी विचारावं लागतं.

कोरोनानंतर माझ्याकडे एक नवं गिऱ्हाईक यायला लागलं: ज्याला स्मार्टफोन परवडतो, वापरता येतो, आणि तरी नको आहे. यात सगळ्यात जास्त मुलं स्पर्धा परीक्षेची. अभ्यासिकेत बसतात, दुपारी चहाला उठतात आणि तासभर मोबाईलमध्ये जातो म्हणून स्वतःवर चिडून येतात. "दादा, स्मार्टफोन विकत घ्या आणि कीपॅड द्या," असं एक पोरगं घाईघाईनं म्हणालं होतं. मी त्याचा फोन विकत घेतला नाही. परीक्षेचा अर्ज ऑनलाइन, हॉलतिकीट ऑनलाइन, उत्तरतालिका ऑनलाइन, त्यावरची हरकतही ऑनलाइन. महिन्याभरात त्याला तो परत लागला असता आणि दुसरा घ्यायला पैसे नसते. त्याच्या रोजच्या कॉलचं सिम मी कीपॅडमध्ये घातलं, आणि स्मार्टफोन घरी आईकडे ठेवायला सांगितला, अभ्यासिकेच्या पिशवीत नव्हे, घरच्या कपाटात. रविवारी सकाळी उघडायचा. तो तालुक्याच्या गावात खोली घेऊन राहणारा असता तर हे जमलं नसतं, कारण कपाट असलं तरी कपाटाची किल्ली ठेवणारी आई तिथे नसते. अशा मुलांना मी अभ्यासिकेच्या मालकाकडे फोन ठेवायला सांगतो. काही मालक ठेवून घेतात.

ऑनलाइन रमीत पैसे घालवलेली पोरंही येतात, बहुतेक वेळा बापाबरोबर, मान खाली घालून. ऑगस्ट 2025 मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा झाला, त्याआधीची दोन-तीन वर्षं आमच्या भागात वाईट गेली. अशा पोराला मी कधी उपदेश करत नाही. बापाला मात्र बाजूला घेऊन सांगतो, की यूपीआयचं ॲप बँकेला दिलेल्या नंबरचं सिम त्याच मोबाईलमध्ये मागतं. ते सिम कीपॅडमध्ये गेलं की हातोहात पैसे जाण्याची वाट बंद होते. पोरगं त्या वेळी गप्प असतं, पण सिम स्वतःच्या हातानं काढून देतं. त्यातला एक जण आता मागांची दुरुस्ती बघणाऱ्या जॉबरचं काम करतो आणि अजून तोच फोन वापरतो.

म्हाताऱ्या माणसांचं वेगळं. तिथे सगळा जीव बटणात आणि आवाजात आहे. मागाच्या खोलीत काम करून कान गेलेला माणूस असला तर त्याला मोठ्या स्पीकरचा फोन लागतो, जो शहरातल्या माणसाला कर्कश वाटेल. आक्का-मावशींना दाबलेला आकडा बोलून दाखवणारा कीपॅड आवडतो. 2 वर थोरला, 3 वर धाकटा, 4 वर लेक, 5 वर डॉक्टर, असे नंबर मी लावून देतो आणि तीच यादी मोठ्या अक्षरात लिहून, लॅमिनेट करून, चुलीपासून लांब भिंतीला लावायला देतो. जिला अक्षर येत नाही तिच्यासाठी आकड्यासमोर फोटो चिकटवतो. स्पीड डायल सगळ्या फोनमध्ये असतं. लावून कुणीच देत नाही.

आणि मेमरी कार्ड. साध्या फोनच्या गिऱ्हाइकाला कार्ड भरून देणं हा आमच्या कामातला मला सगळ्यात आवडणारा भाग आहे. फोन नेटवर जात नाही, तर करमणूक घरातून निघतानाच बरोबर न्यावी लागते. कुणाला बाबामहाराज सातारकरांचा हरिपाठ, कुणाला शाहिरांचे पोवाडे, कुणाला वगनाट्यं, कुणाला जुनी गाणी. माणूस काउंटरवर बसून सांगतो, मी कार्डात घालतो. एकदा भरलेलं कार्ड सहा-सहा महिने चालतं. त्याच माळेतली तीच गाणी, त्याच क्रमानं. शेतात पाणी पाजताना बांधावर फोन ठेवून हरिपाठ ऐकणारे तात्या मला म्हणाले होते, "हिकडं पुढं काय वाजणार ते ठावं असतंय, म्हणून बरं." पुढे काय लावायचं हे दुसऱ्या कुणी ठरवायचं नाही, एवढंच त्यांना हवं होतं. इतक्या नेमक्या शब्दांत हे मला दुसऱ्या कुणी सांगितलेलं नाही.

एक गैरसमज इथे दूर करायला हवा. फसवणुकीच्या बातम्या वाचून परगावची मुलं घाबरतात आणि आईबापांचा स्मार्टफोन काढून साधा फोन देतात. लिंक दाबून होणारी फसवणूक त्यानं थांबते, हे खरं. पण पोलिसाचा, बँकेचा, कुरियरचा आवाज काढून फोन करणारा साध्या फोनवरही येतो, आणि ओटीपी तर एसएमएसनंच येतो. म्हणून लॅमिनेट केलेल्या यादीत सगळ्यात खाली मी 1930 हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लिहितो आणि आकडा विचारणाऱ्याला आधी मुलाला विचारते असं सांगायचं, हे समोर बसवून पाठ करून घेतो.

शेजारच्या कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावचा भोंगा आता सगळीकडे माहीत झालाय. 2022 च्या स्वातंत्र्यदिनापासून तिथे रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरी टीव्ही आणि मोबाईल बंद. मुलं अभ्यासाला बसतात, मोठी माणसं बोलतात, वाचतात. मला त्या गावाचं कौतुक वाटतं ते याच कारणासाठी की त्यांनी फोन बदलला नाही, वेळ बदलली, आणि एकट्यादुकट्यानं नाही तर गावानं मिळून. एकट्या घरानं सात वाजता फोन बंद केला तर शेजारचा मेसेज, क्लासचा मेसेज, सोसायटीचा मेसेज चुकतो. सगळ्यांनीच बंद केला तर चुकायला काही राहतच नाही. हे काम कुठल्याही कंपनीच्या फोनला जमणारं नाही.

उलट बाजूही मी रोज बघतो. 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली. शेतकऱ्यानं स्वतः शेतात उभं राहून ॲपमधून पिकाचा फोटो काढून नोंद करायची. कल्पना चांगली आहे, तलाठ्याच्या खेपेची वाट बघायला नको. पण कीपॅडवाल्या शेतकऱ्यानं काय करायचं? एका मोबाईलवरून अनेक खातेदारांची नोंद होते, म्हणून तो पुतण्याला, शेजाऱ्याला, कधी माझ्या दुकानातल्या पोराला घेऊन रानात जातो. नोंद होते, पण दुसऱ्याच्या सवडीनं. लाडकी बहीण योजनेच्या केवायसीच्या वेळी 2025 मध्ये ओटीपी एसएमएसवर आला, म्हणून कीपॅडवाल्या बायकांना निदान आकडा वाचून दाखवता तरी आला. एसएमएसला कुणी आता महत्त्व देत नाही, पण साध्या फोनच्या माणसाला सरकारशी जोडणारा तो शेवटचा धागा आहे, आणि तो जपला पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

पैशाचंही तसंच. *99# ही सेवा यूपीआय येण्याच्या आधीपासून आहे. कुठल्याही साध्या फोनवरून हा नंबर लावून आकडे दाबत गेलं की पैसे पाठवता येतात, शिल्लक बघता येते. एका वेळी 5,000 रुपयांपर्यंत. मार्च 2022 मध्ये रिझर्व्ह बँकेनं यूपीआय 123पे सुरू केलं, ज्यात फोन लावून आवाज ऐकत व्यवहार करता येतो, आणि ऑक्टोबर 2024 मध्ये त्याची मर्यादा 10,000 रुपये करण्याची घोषणा केली. सोय आहे. पण बाजारात कुणाच्या दुकानात तिची पाटी पाहिलीय तुम्ही? क्यूआर कोड प्रत्येक भाजीच्या टोपलीत आहे आणि *99# विचारलं तर बँकेतला तरुण कर्मचारीही क्षणभर थांबतो. मी गिऱ्हाइकाला ते समोर बसवून शिकवतो. आकडा दाबायला उशीर झाला की मधेच तुटतं आणि पहिल्यापासून सुरू करावं लागतं, त्यामुळे कंटाळून सोडणारेही आहेत. ज्यांना जमतं त्यांचा आनंद मात्र बघण्यासारखा असतो. खताच्या दुकानदाराला घरबसल्या पैसे पाठवून एक मामा खास मला सांगायला विट्याच्या बाजाराला आले होते.

रिचार्जची कटकट तर मी वर्षानुवर्षं ऐकली. ज्या आज्जीच्या फोनमध्ये नेट नाही तिनं रोजच्या दीड जीबीचे पैसे का भरायचे, याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. डिसेंबर 2024 मध्ये ट्रायनं कंपन्यांना फक्त बोलणं आणि एसएमएस असलेला रिचार्ज ठेवायला लावला आणि अशा रिचार्जची मुदत 365 दिवसांपर्यंत नेण्याची मुभा दिली. जानेवारी 2025 पासून ते पॅक आले. आजही अनेकांना ते माहीत नाहीत, कारण रिचार्जच्या यादीत ते खाली कुठेतरी असतात. साधा फोन घेतलेल्या प्रत्येकानं रिचार्जवाल्याला "फक्त बोलायचा पॅक" असं स्पष्ट सांगून मागावा.

इतकी वर्षं हा धंदा करून माझं मत असं झालंय, की चांगला साधा फोन बनवणं अवघड नाही. ब्रुकलिनच्या लोकांनी तो बनवला, आमच्या बाजारातही तो हजार रुपयांत मिळतो. अवघड आहे ते साध्या फोनच्या माणसाला जगण्यातून बाहेर न काढणं. शाळेनं सूचना फक्त ग्रुपवर टाकली, दवाखान्यानं रिपोर्ट फक्त लिंकवर दिला, बँकेनं खिडकी बंद करून ॲपकडे बोट दाखवलं, की निवडीनं घेतलेला साधा फोन शिक्षा होऊन बसतो. आणि ज्यानं निवडलेला नाही, ज्याला दुसरा परवडतच नाही, त्याच्यासाठी तर तो पहिल्यापासूनच शिक्षा असतो.

म्हणून शाळा, सोसायट्या, पतसंस्था, ग्रामपंचायती चालवणाऱ्यांना माझं सांगणं आहे: ग्रुप असू द्या, पण सूचना फलकावर लिहा, एसएमएस करा, एक माणूस फोनवर उत्तर द्यायला ठेवा. आणि तुमच्या घरात, नात्यात कुणी बटणाचा फोन घेतला असेल, तर लग्नाची पत्रिका, बारशाचं आमंत्रण, दवाखान्याची बातमी व्हॉट्सॲपवर टाकून मोकळे होऊ नका. त्यांना फोन लावा.